ग्रामयात्रेचे नियोजन आणि शुश्रूषेचा भार वाहणारी मुले

ग्रामदैवताची यात्रा हा गावाचा धार्मिक सोहळा असतो, तसाच तो गावाच्या भेटीगाठींचा काळ असतो. महाबळेश्वर आणि शेजारच्या जावळी तालुक्यातील अनेक कर्ते पुरुष मुंबई व नवी मुंबई येथे माथाडी कामावर किंवा अन्य नोकरीत असतात. चैत्र-वैशाखात यात्रेनिमित्त ते गावी परततात आणि सारे गाव एकत्र येते. तथापि, गाव एकत्र आले असे आपण म्हणतो तेव्हा काही मुले त्यात नसतात. आजारी आई, अंथरुणास खिळलेले आजोबा किंवा दिव्यांग भावंड यांची सेवा त्यांच्याकडे असते. पाहुण्यांची वर्दळ वाढल्याने यात्रेच्या दिवशी त्यांचे काम उलट वाढते.

ही मुले कोण?

घरकामात हातभार लावणारे मूल आणि शुश्रूषेची जबाबदारी वाहणारे मूल यांत भेद केला पाहिजे. वेळेवर औषध देणे, रुग्णाला उठवून बसविणे, अंघोळ घालणे, रात्री जागणे ही कामे ज्या मुलावाचून अडतात, ते दुसऱ्या प्रकारात मोडते. महाबळेश्वर परिसरात याला स्थानिक कारणेही आहेत. वडील मुंबईला असतात. आई हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या तोडणीला आणि उन्हाळी हंगामात हॉटेलातील कामाला जाते. मग घरी उरतात वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले, त्यांतही बहुधा मुली. पावसाळ्यात दळणवळण अवघड झाले की दवाखान्याची वाटही त्यांनाच सांभाळावी लागते.

ब्रिटनमध्ये अशा मुलांचा शास्त्रीय अभ्यास 1990 नंतरच्या दशकात पुढे आला. तेथे 2011 च्या जनगणनेत शुश्रूषेविषयी प्रश्न होता. त्यानुसार एकट्या इंग्लंडमध्ये 5 ते 17 वयोगटातील सुमारे 1 लाख 66 हजार मुले अशी सेवा करीत होती. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात 6 वर्षांवरील व्यक्तींनी कुटुंबीयांच्या देखभालीसाठी दिलेला वेळ नोंदविण्यात आला. परंतु गावातील नेमके कोणते मूल या भाराखाली आहे, हे गावालाच शोधावे लागते.

उत्सवाची आवश्यकता

आजारी माणूस घरात असताना यात्रेचा विचार कशाला, अशी शंका घेतली जाईल. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचा भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकार केला. तिच्या 31 व्या अनुच्छेदाने विश्रांती, खेळ व सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा मुलांचा हक्क मानला आहे, तर 12 व्या अनुच्छेदाने स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे. हे दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचले पाहिजेत. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात फेअरथॉर्न मॅनर येथे 2000 साली अशा मुलांचा महोत्सव सुरू झाला. त्यात तंबूतील मुक्काम, खेळ व संगीत यांच्या जोडीला मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याचीही सोय करण्यात आली.

वेळ आणि स्थळ कोणी ठरवावे?

कार्यक्रम सर्वांना खुला आहे असे जाहीर केल्याने तो सर्वांना खुला होत नाही. त्याची वेळ व जागा ज्यांनी ठरविली, त्यांच्याच सोयीचा तो असतो. सातारा जिल्ह्यातील दोन उपक्रम या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. माण तालुक्यात म्हसवड येथे श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. मजुरी बुडवून बँकेत येणे स्त्रियांना परवडत नाही, हे ध्यानी घेऊन बँकेचा व्यवहार त्यांच्या दारापर्यंत नेण्यात आला. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले, तेव्हा ग्रामस्थांनी आपल्या घरातील जागा वाचकांसाठी खुल्या केल्या. दोन्ही ठिकाणी सेवा लोकांच्या दारी किंवा घरात गेली. यात्रेलाही हे तत्त्व लागू करता येईल.

नियोजनाची रीत

पहिले काम शिक्षकांचे. हजेरीपटात सोमवारी किंवा बाजाराच्या दिवशी वारंवार दिसणारी गैरहजेरी, उशिरा येणे, वर्गात डुलकी लागणे या खुणा पुष्कळ सांगतात. आशा कार्यकर्तीला घरोघरची माहिती असते. मात्र गावात दवंडी देऊन अशी यादी करू नये.

दुसरे काम, यात्रेपूर्वी दीड-दोन महिने शाळेच्याच वेळेत या मुलांशी लहान गटात बोलणे. तुम्ही किती वाजता मोकळे असता? तुम्ही बाहेर असताना घरी कोण बसलेले रुग्णाला चालेल? काय झालेले तुम्हांला आवडणार नाही? या प्रश्नांच्या उत्तरांवरून कार्यक्रमपत्रिका बदलली पाहिजे. रात्रीचा तमाशा पाहता न येणाऱ्या मुलीला दुपारचे दोन तास हवे असतील, तर मुलांचे खेळ दुपारी ठेवावेत. आजोबांना पालखी पाहावयाची असेल, तर ती त्या आळीतून न्यावी.

तिसरे काम बदली माणसाचे. महिला बचत गटाने यात्रेतील भोजनाचे किंवा अल्पोपाहाराचे काम घ्यावे आणि त्यातील नफ्याचा काही भाग, मुलांच्या जागी रुग्णाजवळ बसणाऱ्या स्त्रीच्या मानधनासाठी राखावा. नफा सामाजिक हेतूकडे वळविणारा उद्योग तो हाच. ती स्त्री आधी दोन-तीन वेळा घरी जाऊन रुग्णाच्या परिचयाची झालेली असावी. ग्रामपंचायतीस स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेच्या मान्यतेने या व्यवस्थेचा विचार तेथेही करता येईल.

सत्कार नको, सोय हवी

अशा मुलांना व्यासपीठावर बोलावून श्रीफळ देण्याचा मोह टाळावा. क्षयरोग, एच.आय.व्ही., मानसिक आजार किंवा व्यसन यांविषयी घराने राखलेली गुप्तता त्या सत्कारात उघडी पडते. शिवाय, मुलीच्या त्यागाचे कौतुक झाले की तिचा भार कमी करण्याची निकड कोणाला उरत नाही.

यात्रा संपते, शुश्रूषा संपत नाही. म्हणून त्या दोन तासांसाठी शोधलेला बदली माणूस परीक्षेच्या दिवसांतही मिळेल, अशी तजवीज हवी. पालक दुर्धर आजाराने ग्रस्त असलेल्या पात्र मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिचे अनुदान दरमहा 2,250 रुपये करण्यात आले. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे अर्ज करण्यास ग्रामसेवकाने व मुख्याध्यापकाने कुटुंबाला साहाय्य करावे. यात्रेनंतरच्या महिन्यात हजेरीपट पुन्हा तपासावा. त्या मुलीच्या गैरहजेरीचे दिवस कमी झाले असतील, तर यात्रा खऱ्या अर्थाने साऱ्या गावाची झाली असे म्हणता येईल.