कसाऱ्याहून सुटली, इगतपुरीला अडली!

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. वायरिंग चुकलं तर मात्र गाडी सांभाळून घेत नाही, हे मी यंदा चांगलंच शिकले. तेच आज सांगणार आहे.

मॉडेल रेल्वेचं वेड मला पुण्यात लागलं. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. ते पाहिलं आणि ठरवलं, आपण आपला थळ घाट करायचा. कसारा ते इगतपुरी, १८६५ साली सुरू झालेला मार्ग. चढ ३७ फुटांना १ फूट. खऱ्या गाड्यांनाही हा घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावतात! आमच्या घरी या घाटाला अजून एक मान आहे. आजोबांची सगळी नोकरी इगतपुरीला ओव्हरहेड वायरच्या कामात गेली.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी १४ फुटांचा घाट केला. एचओ स्केल, म्हणजे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. चढ तोच ठेवला, त्यामुळे इगतपुरी कसाऱ्यापेक्षा साडेचार इंच उंच. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "पट्टी निघाली की पहिली तुझी गाडी बघणार," असं ते म्हणाले होते. प्रदर्शनाला उरले होते ४ दिवस.

आणि गाडी चढेना! कसाऱ्याहून ऐटीत सुटायची, मध्यावर मंद व्हायची आणि इगतपुरीच्या दीड फूट अलीकडे ठप्प. मी इंजिन उघडलं, चाकं पुसली, तेल घातलं. मग मल्टिमीटर लावला. कसाऱ्याला १२ व्होल्ट, इगतपुरीलाही १२ व्होल्ट. म्हणजे वायरिंग ठीक, इंजिनच खराब! नवीन इंजिन घ्यायचं तर बाबांकडे पैसे कसे मागायचे, हा विचार सुरू झाला.

रात्री आजोबा काळा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. म्हणाले, "अगं, मोजताना गाडी चालू होती का?"

"नाही."

"मग काय मोजलंस? नळ बंद असताना टाकीपासून नळापर्यंत पाण्याचा जोर सारखाच दिसतो. नळ उघडून बघ."

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला! ओहमचा नियम अकरावीपासून पाठ. करंट शून्य तर व्होल्टेज ड्रॉपही शून्य, हे मला कळायला नको होतं का? मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. म्हणून त्याला वाटेतला रोध दिसलाच नाही.

मग कारचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा पार्किंग बल्ब इगतपुरीच्या रुळांवर जोडला आणि पुन्हा मोजलं. करंट ०.३५ अँपियर, व्होल्टेज फक्त ८.५! म्हणजे ३.५ व्होल्ट वाटेत गडप. ३.५ भागिले ०.३५, म्हणजे १० ओहम. त्यातला साधारण १ ओहम रुळांच्या धातूचा. उरलेले ९ कुठे? माझ्या रुळांचे तुकडे ९ इंची. एका बाजूला १८ सांधे, दोन्ही बाजूंचे मिळून ३६. प्रत्येक सांध्याला पाव ओहम. वर मी खडी पातळ फेविकॉलने चिकटवली होती, ते सांध्यांत शिरलेलं. चढावर इंजिन जास्त करंट ओढतं, की ड्रॉप अजून वाढतो. म्हणून गाडी नेमकी वरच अडायची.

आजोबा म्हणाले, "फिशप्लेट चाकांसाठी असते, करंटसाठी नाही. आम्ही प्रत्येक सांध्याला तांब्याचा बाँड मारायचो." खऱ्या विजेच्या रेल्वेत करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. सांधा कच्चा असेल तर त्याची परतीची वाट अडते. माझ्या घाटात नेमका बाँडच नव्हता!

आता तुमच्यासाठी टिप्स, मी ठेच खाऊन शिकलेल्या:

१. बोर्डाखालून जाडी तांब्याची जोडवायर टाका. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची चालते, एक लाल, एक काळी. माझ्या १४ फुटांच्या जाण्यायेण्याचा रोध जेमतेम ०.१ ओहम भरला. कुठे १० आणि कुठे ०.१!

२. दर ३ फुटांवर त्या वायरीतून रुळांना बारीक फीडर द्या. लाल नेहमी एकाच बाजूच्या रुळाला. एक जरी उलटा लागला की शॉर्ट सर्किट.

३. मधल्या सांध्यांवर लवचिक वायरचा छोटा तुकडा सोल्डर करा. सांधाच सोल्डरने बुजवू नका, मे महिन्यात रूळ प्रसरण पावायला जागा हवी. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला, नाहीतर चाक उडेल. फ्लक्स राळेचा वापरा, ॲसिडचा नको, तो रूळ खातो. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून शेजारी ओला कापूस ठेवा.

४. दोन कंट्रोलर असतील तर दोन्ही रुळांत प्लॅस्टिकचे जोड घालून विभाग वेगळे करा. प्रत्येक विभागाला मधे ऑफ असलेला डीपीडीटी स्विच द्या, म्हणजे एका वेळी एकच कंट्रोलर जोडला जाईल. पूर्वी इगतपुरीला हाच प्रश्न मोठ्या आकारात होता. मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी, पुढे २५००० व्होल्ट एसी. दोन पुरवठे एकमेकांना भिडू न देणं हे आजोबांच्या रोजच्या कामात होतं.

५. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका. तयार, बंद डब्यातला ॲडॉप्टर घ्या आणि १२ व्होल्टच्या बाजूला फ्यूज टाका.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोड लावल्याशिवाय मोजू नका!

दोन रात्री सोल्डरिंग केलं. बोटाला दोन चटके, आईचे बोलणे वेगळे. बल्ब लावून पुन्हा मोजलं, ११.८ व्होल्ट. इंजिन तेच, जुनंच.

प्रदर्शनाच्या दिवशी आजोबा आले. गाडी कसाऱ्याहून सुटली आणि एका दमात इगतपुरीत शिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी मात्र खाली वाकून बोर्डाखालची वायर पाहिली, एक फीडर हलकेच ओढून बघितला आणि म्हणाले, "पक्का आहे."

सेमिस्टरच्या मार्कांपेक्षा मला ते दोन शब्द जास्त वाटले. मग मंडळी, तुमची गाडी कधी सुटतेय?