डिप्लॉय करण्याआधी, ताईचं ऐक

अगं, साइट लॅपटॉपवर देखणी दिसते आणि सर्व्हरवर चढवली की रंग, चित्रं, बटणं सगळं गायब! नायगावसारख्या ठिकाणी घरी बसून एकटीनं जँगो शिकताना असं झालं की हातपाय गळतात. पण घाबरू नकोस, तुझा कोड बिघडलेला नाही.

डीबग चालू असेतो जँगोचा रनसर्व्हर सीएसएस, जावास्क्रिप्ट आपणहून देतो. डीबग बंद केला की ते देणं थांबवतो. सर्व्हरवर जँगो चालवणारा गनिकॉर्नही ते काम करत नाही. म्हणून डीबग पुन्हा चालू करायचा मोह मात्र आवर. एखादी एरर आली की तुझा कोड आणि सेटिंग्ज परक्या माणसापुढे उघड्या पडतील.

आधी स्टॅटिक रूट ठरव आणि कलेक्टस्टॅटिक चालव, म्हणजे सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये येतील. त्या देण्याचं काम इंजिनएक्स या वेब सर्व्हरवर सोपव. इगोर सिसोएव्हनं 2004 मध्ये तो जगासमोर आणला, तो एकाच वेळी हजारो कनेक्शनं सांभाळण्यासाठीच. तुझ्या पायथनला लॉगिन, हिशेब, डेटाबेस एवढंच करू दे. साइट लहान असेल तर व्हाइटनॉइज हे पायथन पॅकेजही पुरतं. मिडलवेअरच्या यादीत त्याला सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली ठेव.

फाइल मागताना 404 आला तर तिचा पत्ता तपास. 403 आला तर परवानगी तपास: इंजिनएक्सला फायलीच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरता आलं पाहिजे. उबुंटूवर होम फोल्डर इतरांना बंद असतो, म्हणून फायली तिथे ठेवूच नकोस. लोकांनी अपलोड केलेल्या फायलींचा फोल्डरही वेगळा ठेव.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं. तुझी साइट उघडणारी बाई कदाचित विरार लोकलच्या गर्दीत, एका हातानं कडी धरून उभी असेल. तीच फाइल रोज तिच्या डेटातून ओढायला लावू नकोस. मॅनिफेस्ट स्टोरेज लाव. मजकूर बदलला की फायलीचं नावही बदलतं. मग 31536000 सेकंद, म्हणजे वर्षभराची कॅश बिनधास्त दे. जीझिपही चालू कर.

आणि बाई गं, हे लाँचच्या रात्रीवर ढकलू नकोस. आजच डीबग बंद करून साइट मोबाइलवर उघडून बघ. अडलीस तर आधी लॉग वाच, मग मला फोन कर.