एकतीस डिसेंबरला गच्चीवर किती गारठा?

प्रश्न : थर्टी फर्स्टला गच्चीवर पावभाजीचा बेत आहे. मोबाइल आतापासूनच त्या रात्री ८ अंश दाखवतोय. खरं मानावं का? – एक वाचक, पाषाण

उत्तर : तीन आठवडे आधीच्या आकड्यावर अजिबात विसंबू नका. पुण्याची थंडी ठरते उत्तरेत. हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) पुढे सरकला, की मागून कोरडे, गार वारे येतात आणि पारा घसरतो. मात्र समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन आपल्याकडे ढग आले, तर जमिनीची उष्णता रात्री निसटत नाही. स्वेटर पुन्हा कपाटात! गार वारे येणार की ढग, याचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी येतो. म्हणून २६ तारखेनंतर हवामान खात्याचं पूर्वानुमान बघा.

आकडा कुठला, तेही पाहा. बातमीतलं ‘पुणे’ म्हणजे बहुधा शिवाजीनगर, हवामान खात्याचं सिमला ऑफिस. मगरपट्टा त्याहून बराच उबदार असतो, तुमचं पाषाण अनेकदा जास्त गार. शिवाय किमान तापमान पहाटेचं असतं. रात्री दहाला एवढं कुडकुडायला होत नाही. बाकी ८ अंशांचं नवल नको, १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. दव पडतं, तेव्हा सतरंजीखाली ताडपत्री घाला आणि आजी-आजोबांना कानटोपी द्याच.