डोंगरातील मुक्काम आणि समान नागरिकत्व : लुईस माउंटनचा धडा



निवासी शाळेत राहणाऱ्या मुलांना मुक्कामाची तयारी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पेटी, अंथरूण, ताट-तांब्या आणि बसचे तिकीट यांची यादी आपल्या प्रत्येक घरात दरवर्षी होते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी यादी हे एक साधन वाटते. कुटुंबाने सोबत काय घेतले यावरून त्याच्या गरजा कळतात आणि भीतीही कळते. या पाठात आपण अशाच दोन याद्यांचा अभ्यास करणार आहोत. दोन्ही याद्या एकाच जागेच्या आहेत, मात्र त्यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ती जागा म्हणजे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानामधील लुईस माउंटन.

1. जागेची ओळख

ब्लू रिज नावाची डोंगररांग व्हर्जिनिया राज्यातून ईशान्य-नैऋत्य दिशेने जाते. तिच्या माथ्यावर ओक आणि हिकरी या वृक्षांची दाट वने आहेत. येथे राष्ट्रीय उद्यान करण्यास अमेरिकी काँग्रेसने 1926 मध्ये मंजुरी दिली, 1935 च्या डिसेंबरात उद्यान अस्तित्वात आले आणि 3 जुलै 1936 रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. उद्यानासाठी डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे 500 कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली, हेही या इतिहासात नोंदविले पाहिजे. डोंगराच्या माथ्यावरून जाणारा ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ हा 105 मैलांचा, म्हणजे सुमारे 169 किलोमीटरचा रस्ता उद्यानाचा कणा आहे. रस्त्यावर मैलांचे दगड आहेत आणि प्रत्येक ठिकाण मैलाच्या आकड्याने ओळखले जाते. लुईस माउंटन 57.5 व्या मैलावर, सुमारे 3,400 फूट उंचीवर आहे.

2. आजची यादी

वॉशिंग्टन शहरापासून उद्यानाचे उत्तरेकडील प्रवेशद्वार सुमारे 75 मैलांवर आहे. त्या परिसरात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबेही सुट्टीत या डोंगरात जातात. अशा कुटुंबाने मुक्कामाचे नियोजन कसे करावे?

पहिला विचार ऋतूचा. मुक्कामाच्या सोयी सर्वसाधारणपणे वसंतापासून शरदापर्यंतच खुल्या असतात. ऑक्टोबरात पाने लाल-पिवळी होतात, त्या वेळी सर्वाधिक गर्दी असते. म्हणून त्या महिन्यातील जागेचा विचार कित्येक महिने आधी करावा लागतो. खालच्या खोऱ्यापेक्षा माथ्यावर हवा बरीच थंड असते. त्यामुळे उन्हाळ्यातही रात्रीसाठी गरम कपडे न्यावेत.

दुसरा विचार निवाऱ्याचा. उद्यानात मोटारीने जाता येईल असे तंबूंचे चार मुख्य तळ आहेत : मॅथ्यूज आर्म, बिग मेडोज, लुईस माउंटन आणि लॉफ्ट माउंटन. त्यांत लुईस माउंटन सर्वांत लहान असून तेथे तंबूंच्या सुमारे 30 जागा आहेत. त्याच ठिकाणी लाकडी केबिनही आहेत. केबिनमध्ये खाट, अंथरूण-पांघरूण, दिवे आणि स्नानगृह मिळते. स्वयंपाक मात्र बाहेरच्या चुलाणावर करावा लागतो. सोबत आजी-आजोबा किंवा तान्हे मूल असेल तर केबिन बरी. मुले मोठी असतील आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर तंबू बरा.

तिसरा विचार वाटेचा. स्कायलाइन ड्राइव्हवर वेगाची मर्यादा ताशी 35 मैल आहे, त्यामुळे नकाशावरचे अंतर पाहून वेळेचा अंदाज करू नये. 32 व्या मैलाजवळ मेरीज रॉक नावाचा बोगदा आहे. त्याची उंची 12 फूट 8 इंच असल्याने उंच गाडी असेल तर दुसऱ्या प्रवेशद्वाराने यावे. डोंगरात मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही, म्हणून कागदी नकाशा जवळ ठेवावा.

चौथा विचार अन्न आणि वन्यप्राणी यांचा. या वनात काळी अस्वले आहेत. अन्न, साबण, दंतमंजन अशा वासाच्या सर्व वस्तू तंबूत न ठेवता बंद गाडीत किंवा त्यासाठी दिलेल्या लोखंडी पेटीत ठेवाव्यात. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. माणसाच्या अन्नाला सोकावलेले अस्वल पुढे माणसालाही धोकादायक ठरते आणि शेवटी त्या प्राण्याचाच जीव जातो. बाहेरून साधे जळाऊ लाकूडही आणू नये, कारण त्यातून झाडे पोखरणारे किडे नव्या वनात शिरतात.

पाचवा विचार दिवसाच्या क्रमाचा. तीन दिवसांच्या मुक्कामात एक दिवस पायवाटेसाठी, एक दिवस बिग मेडोजचे कुरण आणि जवळचा डार्क हॉलो धबधबा यांसाठी आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीसाठी ठेवावा. धबधब्याची वाट आधी उतरणीची आणि परतताना चढणीची आहे, म्हणून सर्वांत लहान व सर्वांत वयस्क व्यक्तीच्या शक्तीप्रमाणे बेत ठरवावा.

3. 1939 ची यादी

आता त्याच जागेची जुनी यादी पाहू. त्या काळी व्हर्जिनियात शाळा, उपाहारगृहे, हॉटेले आणि वाहने यांत वर्णभेद रूढ होता. उद्यान संघराज्य सरकारचे, म्हणजे सर्व नागरिकांच्या मालकीचे होते. तरीही स्थानिक रूढीचा आधार घेऊन तेथे गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या सोयी आखल्या गेल्या. 1939 मध्ये लुईस माउंटन केवळ कृष्णवर्णीयांसाठी राखीव तळ म्हणून सुरू झाले. तंबूंची जागा, सहभोजनाचे मैदान, केबिन आणि लॉज अशी रचना तेथे उभी राहिली. वाटेवरच्या फलकावर हा भाग कोणासाठी आहे हे उघडपणे लिहिलेले होते. सुमारे सहा मैलांवरील बिग मेडोजचा मुक्काम मात्र या कुटुंबांसाठी नव्हता.

तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबाच्या नियोजनात ऋतू, अस्वल आणि जळण हे विचार नंतर येत. आपल्याला प्रवेश कोठे मिळेल, हा प्रश्न सर्वांत आधी उभा राही. वाटेतील उपाहारगृह जेवण देईल याची खात्री नसल्यामुळे शिधा घरूनच बांधून घेतला जाई. पेट्रोल नाकारले जाण्याच्या शक्यतेमुळे जादा पेट्रोल सोबत ठेवले जाई. स्वच्छतागृह बंद असेल म्हणून मुलांसाठी डबा आणि रात्र गाडीतच काढावी लागली तर घोंगड्या घेतल्या जात. या अडचणीतून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून ‘ग्रीन बुक’ नावाची प्रवास-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हॉटेले, खोली देणारी खासगी घरे, उपाहारगृहे, गॅरेज यांचे पत्ते तीत गावनिहाय असत. एसो कंपनीच्या पेट्रोल पंपांवरही ती मिळे.

4. बदल कसा घडला

हा भेद आपोआप मिटला नाही. गृहखात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांच्याकडे कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवरील सल्लागार विल्यम ट्रेंट यांनी वेगळ्या सोयींच्या धोरणाविरुद्ध सातत्याने बाजू मांडली. 1939 मध्ये पिनॅकल्स येथील सहभोजनाचे एक मैदान सर्वांसाठी खुले करून पाहिले गेले. महायुद्धानंतर राष्ट्रीय उद्यानांतील सोयी सर्वांना समान खुल्या करण्याचे धोरण पुढे आले आणि 1950 पर्यंत शेनन्डोआतील भेद संपला. उद्यानाबाहेरच्या हॉटेलांबाबत मात्र 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. ‘ग्रीन बुक’चे प्रकाशनही त्यानंतर लवकरच थांबले.

5. आपल्या इतिहासाशी नाते

स्कायलाइन ड्राइव्हचा पहिला टप्पा 1934 मध्ये खुला झाला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी सहलीला निघाले होते. अडचणी टाळाव्यात म्हणून ओळख उघड न करता प्रवास करायचे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्यात प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी हौदाचे पाणी वापरले आणि त्यावरून त्यांना अपमान सोसावा लागला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदविला आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या विद्वानालाही आपल्याच देशात सहलीचे नियोजन करताना आपली ओळख लपविण्याचा विचार करावा लागत होता.

महाडच्या चवदार तळ्याचा 1927 चा सत्याग्रह आपण पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून शिकतो. सार्वजनिक जागा सर्वांची आहे हे तत्त्वही त्याच लढ्याने मांडले. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या कलम 15 (2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची स्थाने, तसेच शासकीय निधीतील किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला अडविता येणार नाही, असे म्हटले आहे. चिखलदऱ्याच्या विश्रामगृहात किंवा माथेरानच्या हॉटेलात आपले कुटुंब खोली मागते, तेव्हा हे कलम आपल्यासोबत असते. तरीही आडनाव ऐकून उत्तर बदलल्याचा अनुभव आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी सांगितला जातो. म्हणून या कलमाची माहिती प्रवासाच्या यादीत असलीच पाहिजे, असे आम्हांस वाटते.

लुईस माउंटनच्या केबिन आजही उभ्या आहेत आणि तेथे आता कोणत्याही वर्णाचे कुटुंब उतरू शकते. आजच्या यादीत अस्वल आणि थंडी यांनाच पहिले स्थान मिळते, यामागे अनेकांचे श्रम आहेत. आपल्या मुलांच्या यादीतही उद्या केवळ टॉर्च, स्वेटर आणि खाऊ असावा, यासाठी आपल्याला अजून काम करावयाचे आहे.

स्वाध्याय

1. आपल्या कुटुंबाच्या तीन दिवसांच्या मुक्कामाची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या गरजेसाठी किंवा भीतीसाठी घेतली ते लिहा.
2. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या तरुणपणी परगावी गेल्यावर पाणी, जेवण आणि निवारा कोठे मिळे? उत्तर त्यांच्याच शब्दांत नोंदवा.
3. सरकारी मालकीच्या जागेत स्थानिक रूढी पाळणे योग्य का नाही? शेनन्डोआ आणि महाड या दोन्ही उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
4. कलम 15 (2) वाचा आणि आपल्या गावातील कोणत्या जागा त्यात मोडतात त्यांची यादी वर्गात लावा.