वारा नसलेल्या सायकलवर

रस्त्यावर सायकल चालवताना वारा आपल्यासाठी किती राबतो, हे जिममधल्या सायकलवर बसेपर्यंत लक्षात येत नाही. ताशी वीस किलोमीटरने निघालं की तेवढाच वारा अंगावरून वाहतो आणि घाम उमटतो न उमटतो तोच उडून जातो. जिममधली सायकल जागची हलत नाही. त्यात ठाण्यातला जुलै, हवेतली आर्द्रता ८०-९० टक्के. अशात घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होतं ते घाम येण्याने नव्हे, घाम उडून जाण्याने. म्हणून या व्यायामाचे कपडे निवडताना मी आता एकच विचारते: घाम जाणार कुठे?

हा प्रश्न मला दुखण्यातून मिळाला. जिममधल्या आमच्या सायकलच्या क्लासला बहुतेक बायका येतात तशीच मीही जात असे, जाड सुती लेगिंग आणि वर मांडीपर्यंतचा सैल टी-शर्ट घालून. पावसाळ्यात आधी जांघा काचल्या, मग केसतुडं आली, मग कडेने लाल असलेले गोल चट्टे उठले. खाज अशी की रात्री झोप नाही. औषधाच्या दुकानातून दिलेल्या ट्यूबने खाज थांबली, पण ट्यूब थांबवताच चट्टे पोटापर्यंत चढले. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. बुरशीच्या औषधात क्लोबेटासॉल मिसळलेलं होतं. हे तीव्र स्टेरॉइड. ते लाली आणि खाज दाबतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि आत नायटा बिनबोभाट पसरत राहतो. असा चिघळलेला नायटा हटायला महिने लागतात. जांघेतल्या चट्ट्यावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेली ट्यूब स्वतःहून लावू नका, हे मी भेटेल त्या प्रत्येकीला सांगते.

‘अंगाला सुतीच बरं’ हा आपल्याकडचा जुना सल्ला. कोरड्या उन्हात फिरताना तो खराच आहे. पण सुती धागा घाम पितो आणि धरून ठेवतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या क्लासमध्ये लेगिंग ओलीचिंब होते, आणि तिच्या जाड शिवणी भिजून मऊ झालेल्या कातडीवर मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा घासतात. त्यापेक्षा इलास्टेन मिसळलेलं पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉन घ्यावं. मात्र दुकानातली प्रत्येक चकचकीत लेगिंग या कामाची नसते. आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पटकन पसरला तर घामही पसरेल आणि लवकर सुकेल. थेंब मोत्यासारखा तसाच बसला तर ती लेगिंग ठेवून द्या. शिवणी सपाट आहेत ना, तेही बोट फिरवून बघा.

पॅडची सायकलिंग शॉर्ट घ्यावी का? आठवड्यातून दोन-तीनदा बसणार असाल तर नक्की घ्यावी. रस्त्यावर खड्डा आला, गतिरोधक आला, सिग्नल लागला की आपण सीटवरून उठतोच. इथे कोणी उठवत नाही, दाब एकाच जागी राहतो. पॅड बैठकीच्या हाडांखाली यायला हवं. जाडजूड पॅड उलट घड्या पडून काचतं. बायकांसाठीच्या पॅडचा आकार वेगळा असतो, तो मागून घ्या. आणि या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नसते. ऐकायला संकोच वाटतो, पण पॅड थेट कातडीला लागण्यासाठीच शिवलेलं असतं. मध्ये चड्डी आली की तिची शिवण आणि ओल पुन्हा तिथेच. तोकड्या शॉर्टमध्ये अवघडल्यासारखं होत असेल तर घोट्यापर्यंतची पॅडवाली टाइट्सही मिळते. अवघडलेपणाला कमी लेखू नये. त्यापायी कितीजणी क्लास सोडतात.

अंग झाकायला लांब, सैल टॉप मात्र नको. उभ्याने पेडल मारून परत बसताना तो सीटच्या टोकात अडकतो. याहून गंभीर धोका खाली आहे. क्लासमधल्या बहुतेक सायकलींचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. आपण पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतं आणि पायालाही फिरवतं. त्यात बुटाची नाडी, सलवारीचा पायचा किंवा ओढणीचं टोक गुंतलं तर ओढ थांबत नाही. माझ्या शेजारच्या मुलीची नाडी अशीच गुंडाळली गेली आणि घोटा मुरगळला. नाडीची टोकं बुटात खोचा, लांब मंगळसूत्र काढून ठेवा किंवा टॉपच्या आत घ्या, आणि सुरू करण्याआधी ट्रेनरकडून ब्रेकचा खटका समजून घ्या. पुष्कळ सायकलींवर तो हँडलखालची गोल मूठ जोरात दाबली की लागतो.

बूट कडक तळव्याचे असावेत. धावण्याचे मऊ बूट पेडलवर वाकतात आणि बोटं बधिर होतात. स्पोर्ट्स ब्रा घट्ट आधार देणारी, पण सुती अस्तराची नको. कपाळाला पट्टी बांधा, हँडलवर स्वतःचा टॉवेल ठेवा. आणि पंख्यासमोरची सायकल मिळवायला पाच मिनिटं लवकर जा. कोणत्याही महागड्या कापडाला पंख्याची सर नाही.

क्लास संपल्यावर त्याच ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसण्याची किंवा रिक्षाने घरी येण्याची सवय सर्वांत वाईट. तिथेच कपडे बदला, घरी येताच अंघोळ करून जांघा कोरड्या पुसा. शॉर्ट उलटी करून साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा. सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर बसला की कापड घाम शोषेनासं होतं. पावसाळ्यात पॅड एका दिवसात सुकत नाही, म्हणून दोन जोड हवेतच. वर सुकलेलं वाटलं तरी पॅडचा मधला भाग चिमटीत दाबून बघा. गार लागला तर त्या दिवशी दुसरी शॉर्ट घाला.