बटाट्याची बांगडी
बेण्याचा व जमिनीचा पूर्वेतिहास पाहण्याची आवश्यकता

बटाटा, टोमॅटो, वांगी व मिरची हीं चारही पिकें रोकड पैसा देणारीं आहेत. परंतु तीं एकाच कुळांतलीं असल्यामुळें एकाचा रोग दुसऱ्यास लागतो, ही गोष्ट पुष्कळ शेतकरी बंधूंच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही आली नव्हती.

आमची हयात महसुली कारकुनींत गेली. पीकपाहणीचे तक्ते तपासतांना ‘बटाटा बुडाला’ असा शेरा आम्हीं अनेकदां वाचला. कां बुडाला, हें कधीं विचारलें नाहीं. पेन्शन घेतल्यावर सारोळें येथें नीरेकांठच्या आमच्या जमिनींत १२ गुंठे बटाटा लावला. बेणें परगांवच्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्त मिळालें म्हणून घेतलें, व एकाच विळीवर सगळें कापलें. आदल्या वर्षीं त्याच तुकड्यांत टोमॅटो होता. दीड महिन्यानें कांहीं झाडांनीं दुपारीं माना टाकल्या. पाणी कमी पडलें असें समजून आम्हीं आणखी पाणी सोडलें, आणि त्या पाण्याबरोबर रोग सरीसरीनें पुढें गेला. झाडें हिरवीं असतांनाच सुकलीं. रोग बेण्यांतून आला कीं जमिनींतून, याचा निवाडा करतां आला नाहीं. कारण दोहोंपैकीं एकाचाही पूर्वेतिहास आम्हीं विचारला नव्हता.

रोगाची ओळख : रोगट बटाटा आडवा कापला असतां सालीच्या आंत तपकिरी कडें दिसतें व दाबल्यास त्यांतून पांढुरके थेंब येतात. यावरूनच ‘बांगडी’ हें नांव पडलें. दुसरी परीक्षा अशी कीं, कोमेजलेल्या झाडाचा बुडाकडील ताजा तुकडा कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाण्यांत लोंबता धरावा. कांहीं मिनिटांत दुधासारखे धागे खालीं उतरूं लागले, तर ही बांगडीच समजावी. बुरशीनें आलेल्या मरींत असे धागे सुटत नाहींत.

रोगाचें कारण : पुणें जिल्ह्यांत या रोगाची नोंद १८९२ सालींच झालेली आहे. अमेरिकेंत स्मिथ नांवाच्या शास्त्रज्ञानें १८९६ सालीं याच्या जंतूचें वर्णन केलें. हे जंतु मुळांच्या जखमांतून शिरतात, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतात व त्या तुंबवितात. म्हणून जमिनींत ओल असूनही झाड तहानेनें मरतें. उष्ण व ओल्या जमिनींत यांचा जोर फार. एकदां लागण झालेलें झाड बरें करणारें औषध नाहीं. तेव्हां सर्व भिस्त प्रतिबंधावर आहे.

उपाय : (१) बेणें खात्रीचें घ्यावें. वरून निरोगी दिसणाऱ्या बटाट्यांतही जंतु लपलेले असतात; म्हणून तें कोणत्या शेतांतलें, हें विचारावें. (२) शक्य तर लहान बटाटे अखंड लावावे. कापणें झाल्यास हत्यार वरचेवर जंतुनाशकांत बुडवावें. (३) रोगट शेतांत दोन-तीन वर्षें ज्वारी, बाजरी, मका, गहूं, कांदा किंवा लसूण घ्यावा. धोत्रा व कामोणी हें त्याच कुळांतलें तण राहूं देऊं नये. (४) उन्हाळ्यांत खोल नांगरट करून जमीन तापूं द्यावी. (५) रोगट झाड भोंवतालच्या मातीसह काढून जाळावें. तेथील पाणी निरोगी सरींत जाऊं देऊं नये. (६) लावणीच्या वेळीं एकरीं सुमारें ५ किलो ब्लीचिंग पावडर सरींतील मातींत मिसळावी.

साठवणींतील मऊ सड निराळ्या जंतूंची असते. बटाटा लगदा होऊन दुर्गंधि सुटते. कोबी, गाजर व कांदा यांसही अशीच सड लागते. तिचें मूळ जखम, ओल व कोंडलेली हवा यांत आहे. म्हणून काढणी ओल्या जमिनींत करूं नये, माल धुवूं नये, व अरण लावण्यापूर्वीं सावलींत सुकवून फावड्याचा घाव लागलेले बटाटे निवडून काढावे.

शेवटीं आमच्या जुन्या धंद्यांतली एक सूचना. जमीन खंडानें घेतांना आपण सात उताऱ्यावर मालकाचें नांव पाहतों. तसाच मागील तीन वर्षांचा गांव नमुना १२ ही पाहावा. त्यांत बटाटा, टोमॅटो, वांगें किंवा मिरची आढळल्यास पीक कसें गेलें याची शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. २०२१ पासून पिकाची नोंद खातेदारानें मोबाईलवर स्वतः करावयाची आहे. ती खरी करावी. आम्हीं दुसऱ्यांच्या शेतांचे शेरे वर्षानुवर्षें सांभाळले, पण लावणीपूर्वीं स्वतःच्या शेताची नोंद उघडली नाहीं. ही चूक वाचकांनीं करूं नये.