पाण्याचा राखणदार

खडकवासल्याच्या धरणातील पाणी पुणे शहराची तहान भागवते. डोळ्यांना ते कितीही निर्मळ दिसले, तरी त्यात पटकी, विषमज्वर अशा रोगांचे जंतू असू शकतात. म्हणून पर्वती येथील जलशुद्धीकरण केंद्रासारख्या ठिकाणी पाणी प्रथम तुरटीने निवळवितात, वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीनने निर्जंतुक करतात. दहा लाख भाग पाण्यास एक-दोन भाग क्लोरीन बहुधा पुरेसा होतो.

परंतु पाण्याचा हा राखणदार मोकळा सुटला, तर मोठा घातक ठरतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथील रणांगणावर हाच हिरवट-पिवळा वायू शस्त्र म्हणून सोडण्यात आला आणि सैनिक गुदमरून मेले. तो हवेहून सुमारे अडीच पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो व सखल जागी साचतो.

केंद्रात क्लोरीन दाबाखाली द्रवरूपात लोखंडी टाक्यांत भरलेला असतो. मध्यरात्री सारे शहर निद्रिस्त असताना एखाद्या टाकीतून गळती सुरू झाली, तर? अशा वेळी नुसते धाडस कामास येत नाही. ज्ञान व शिस्त येते. कामगार श्वसनयंत्र चढवितो आणि सोबत्यासह आत शिरतो. एकटा कधीही जात नाही. अमोनियात भिजविलेली चिंधी काठीने टाकीभोवती फिरविली, की गळतीच्या जागी पांढरा धूर उमटतो. तेथे पाणी मात्र ओतावयाचे नसते. कारण ओला क्लोरीन धातूस खातो व छिद्र वाढते. आडवी टाकी फिरवून छिद्र वरच्या बाजूस आणतात. त्यामुळे द्रव बाहेर न पडता केवळ वायू निघतो. हे महत्त्वाचे आहे. कारण द्रवाचा वायू होताना तो सुमारे साडेचारशे पट फुगतो. इतरांनी वाऱ्याची दिशा पाहून, त्याला आडवे जात, उंच जागा गाठावयाची असते.

सकाळी नळाच्या पाण्याला कधी किंचित उग्र वास येतो. तो या दक्षतेची खूण होय. ज्ञानाने शक्ती हाती येते. शिस्तीने ती हितकारी ठरते.

स्वाध्याय
१. क्लोरीन सखल जागी का साचतो?
२. गळती झालेली टाकी का फिरवितात?
३. ‘ज्ञान व शिस्त’ या विषयावर पाच ओळी लिहा.